एआय घ्यावं की इलेक्ट्रिकल? कळव्याच्या एका आईला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही कळव्याला राहता. मुलाला सीईटीत ८९ पर्सेंटाइल मिळालेत. मिस्टरांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद झाली, आता ते कमी पगारावर दुसरीकडे जातात, म्हणून फीसाठी कर्ज काढावं लागणार. समोर तीन वाटा आहेत : पनवेलच्याही पुढच्या एका नव्या खासगी कॉलेजात आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स, नवी मुंबईतल्या एका जुन्या कॉलेजात इलेक्ट्रिकल, नाहीतर ठाण्यातच बीएससी आयटी. तुमचे भाऊ म्हणतात एआयच घ्या. जाऊबाई म्हणतात, एआय आता कोडिंगवाल्यांच्याच नोकऱ्या खाणार. शेजारच्या काकांच्या मते इलेक्ट्रिकल म्हणजे खांबावर चढायचं काम. आणि तुम्ही विचारताय, चार वर्षांनी नोकरी नक्की कशात असेल?

मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे, म्हणजे कारखान्यातली मोजमापाची आणि नियंत्रणाची यंत्रणा सांभाळतो. १९९८ साली पदवी घेतली आणि तेव्हापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि तळोज्याला काम करतोय. गेली पंधरा-सोळा वर्षं नवीन मुलामुलींच्या मुलाखतीही घेतो. त्या अनुभवावरून सांगतो : तुमची काळजी अगदी रास्त आहे, पण प्रश्न जरा बदलून घ्यायला हवा. चार वर्षांनी बाजारात काय चालेल हे तेव्हाचा बाजारच ठरवेल. तुमचा मुलगा मात्र त्यानंतर पस्तीस-चाळीस वर्षं काम करणार आहे. म्हणून पाहायचं ते असं की कुठली पदवी हातात असली तर वारं फिरल्यावर त्याला दुसरीकडे वळता येईल, आणि कुठल्या कॉलेजात तो खरोखर काही शिकून बाहेर पडेल.

वारं फिरतं म्हणजे काय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही पास झालो तेव्हा वायटूकेची, म्हणजे २००० साल उजाडण्याआधी कॉम्प्युटरमधल्या तारखा दुरुस्त करण्याची, धामधूम होती. माझ्या वर्गातली निम्मी मुलं कॉम्प्युटरचे क्लास लावून सॉफ्टवेअरमध्ये गेली. २०००-०१ मध्ये डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा, फुगा फुटला आणि आमच्या मागच्या बॅचची मुलं हातात नेमणुकीचं पत्र घेऊन कित्येक महिने घरी बसून होती. पुढे मोबाइलचा जमाना आला. २००८-०९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन मिळालं की घरात पेढे वाटायचे. २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल कंपन्यांचे टू-जीचे १२२ परवाने रद्द केले. २०१६ मध्ये जिओ आलं, त्यानंतर कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या, काही बंद पडल्या. ज्यांनी टेलिकॉम निवडलं होतं त्यांनी मूर्खपणा केला होता का? अजिबात नाही. त्या दिवशी जे दिसत होतं त्यावरून त्यांनी निर्णय घेतला होता.

उलटंही झालंय. माझ्या ओळखीच्या एका मुलाला २०१४ मध्ये दुसरं काहीच मिळेना म्हणून सिव्हिल घ्यावं लागलं. घरात तेव्हा सुतक असल्यासारखं वातावरण होतं. तो पास झाला २०१८ ला, आणि त्याच वर्षी शिवडी-न्हावा शेवा पुलाचं, म्हणजे आजच्या अटल सेतूचं काम सुरू झालं. मग मेट्रो, मग नवी मुंबईचा विमानतळ. गेली काही वर्षं त्याला कामासाठी उरण-पनवेलच्या पलीकडे जावं लागलेलं नाही.

सॉफ्टवेअरचंच अगदी अलीकडचं घ्या. कोरोनानंतर २०२१-२२ मध्ये आयटी कंपन्या अक्षरशः धावत मुलं घेत होत्या. ते बघून ज्यांनी कॉम्प्युटर घेतलं, ते शिकत असतानाच २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं, आणि २०२३-२४ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपन्यांतली माणसांची एकूण संख्या चक्क कमी झाली. चार वर्षांच्या कोर्समध्ये चित्र दोनदा पालटलं. म्हणून तुमच्या भावाला किंवा जाऊबाईंना खोटं ठरवायची मला गरज वाटत नाही. दोघंही आजचा फोटो बघून बोलताहेत.

आता काकांच्या 'खांबावर चढायचं' या म्हणण्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण याच समजामुळे आपल्या भागातली चांगली मुलं ही शाखा सोडून देतात.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ तुम्हाला आठवत असेल. कळवा-पडघा पट्ट्यातल्या चारशे केव्हीच्या (चार लाख व्होल्टच्या) यंत्रणेत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. लोकल रुळांवर जागच्या जागी उभ्या राहिल्या. घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप चालू, पण इंटरनेट बंद. त्या दिवशी महाराष्ट्राची वीज पुन्हा जुळवून आणण्याची धडपड जिथून चालली होती, ते राज्य भार प्रेषण केंद्र ऐरोलीत आहे, तुमच्या घरापासून काही किलोमीटरवर. तिथला इंजिनिअर खांबावर चढत नाही. मागणी आणि निर्मिती यांचा मेळ त्याला क्षणोक्षणी घालावा लागतो. ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची, वारंवारता पन्नास हर्ट्झच्या आसपास, ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात राहावी लागते. समोर स्क्रीन, पाठीशी गणित, आणि निर्णयाला वेळ जेमतेम. सौर आणि पवनऊर्जा वाढतेय तसं हे काम अवघड होत चाललंय, कारण ढग आला की निर्मिती बदलते.

दुसरं उदाहरण एआयचंच. महापे-रबाळेला गेलात तर खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतील. ती डेटा सेंटरं. भारतात ती सगळ्यात दाट जिथे आहेत त्या जागांत आपली नवी मुंबई येते. एआय म्हणजे आकाशातली गोष्ट वाटते, पण ते चालतं या इमारतींतल्या सर्व्हरवर, आणि सर्व्हरला लागते न थांबणारी वीज आणि सतत थंडावा. बाहेरची वीज गेली की यूपीएसच्या बॅटऱ्या भार उचलतात, आणि त्या दमण्याआधी डिझेल जनरेटर चालू होऊन भार घ्यावा लागतो. हा सगळा खेळ सेकंदांचा. अशा ठिकाणी पाळीवर फिरताना मी पाहिलंय, सर्व्हरला हात लावणारी माणसं मोजकीच असतात. वीज जोडणारं-तोडणारं स्विचगिअर, बॅटऱ्या, थंडावा देणारे चिलर, सेन्सर आणि आगीची यंत्रणा सांभाळणारी माणसंच जास्त. म्हणजे एआय वाढलं की इलेक्ट्रिकलचं काम कमी होईल, हा हिशेब निदान आपल्या भागात तरी उलटा आहे.

आणि एआय नोकऱ्या खाईल का? खरं सांगायचं तर माझ्या टीममध्येही कामाची पद्धत बदललीय. रिपोर्ट, लूपच्या (मोजमाप-नियंत्रणाच्या साखळ्यांच्या) याद्या, छोटे प्रोग्रॅम यांचा पहिला खर्डा आता एआय करून देतं. पूर्वी ते काम आम्ही फ्रेशरला द्यायचो, त्यामुळे नुसतं तेवढंच येणाऱ्या मुलाला आता जागा राहिलेली नाही. पण परवाचीच गोष्ट. एका रिअ‍ॅक्टरच्या (रासायनिक प्रक्रियेच्या टाकीच्या) थंड पाण्याच्या लाइनवरचा, हवेच्या दाबावर चालणारा व्हॉल्व्ह, तो दाब गेला तर उघडा राहायला हवा की बंद व्हायला हवा? वाफेच्या लाइनवरचा बंद व्हायला हवा, कारण तापवणं थांबलं पाहिजे. थंड पाण्याचा उघडा राहायला हवा, नाहीतर आतली उष्णता वाढत जाईल आणि माणसांच्या जिवावर बेतेल. खर्ड्यात दोन्ही व्हॉल्व्हना एकच नियम लावलेला होता. दोन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या मुलीने तो पकडला. तिला आत काय शिजतंय हे माहीत होतं, म्हणून पकडला. नोकरी अशा माणसाची टिकते, शाखा कुठलीही असो.

मुलाखतीतही मी हेच शोधतो. टेबलावर एक प्रेशर ट्रान्समीटर (दाब मोजून सिग्नल पाठवणारं उपकरण) ठेवतो आणि विचारतो, हा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल देतो, मग शून्यापासून का नाही सुरू केला? शाखा इलेक्ट्रिकल असो, इलेक्ट्रॉनिक्स असो की इन्स्ट्रुमेंटेशन, हे शिकवलेलं असतं. वायर तुटली तर प्रवाह शून्य होतो. टाकी रिकामी असेल तर चार येतो. शून्य म्हणजे बिघाड आणि चार म्हणजे खरोखर रिकामं, हा फरक कळावा म्हणून ती सोय. बरीच मुलं गप्प बसतात. पण उत्तर आलं नाही म्हणून मी कुणाला परत पाठवत नाही. पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो : तुझ्या प्रोजेक्टमध्ये काय चाललं नाही? एका मुलीने सांगितलं, तिचा मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर रोज दुपारनंतर भलतेच आकडे दाखवायचा. चार दिवस तिने सेन्सर बदलून पाहिले. मग लक्षात आलं की दुपारी पंप चालू होतो आणि सेन्सरची वायर पंपाच्या केबलला चिकटून गेलीय. तिने शिल्डची, म्हणजे धातूचं आवरण असलेली, वायर घेतली, शिल्ड एकाच टोकाला अर्थ केलं आणि मार्ग बदलला. ते सांगताना तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. तिला घ्यायचं आम्ही तिथेच ठरवलं.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येतो.

एआय अँड डेटा सायन्स ही शाखा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण तिचा अभ्यासक्रम आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून बघा. पहिलं वर्ष बहुतेक सगळ्यांना सारखंच. पुढे डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, गणित हे दोन्हीकडे. फरक शेवटच्या दोन वर्षांतल्या काही विषयांचा. म्हणजे नाव नवं, पाया जुनाच. मग ते नव्याने सुरू झालेल्या कॉलेजात कोण शिकवणार, हा खरा मुद्दा. संख्याशास्त्र आणि मशीन लर्निंग उत्तम शिकवणारी माणसं मिळणं सगळीकडेच अवघड झालंय. ज्या विभागातून अजून एकही बॅच बाहेर पडलेली नाही, त्याच्या प्लेसमेंटबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

इलेक्ट्रिकलच्या बाजूने माझं सगळ्यात मोठं कारण असं. कॅम्पसवर येणाऱ्या मोठ्या आयटी कंपन्या बहुतेक वेळा सगळ्या शाखांची मुलं घेतात. इलेक्ट्रिकलचा मुलगा चांगलं प्रोग्रॅमिंग शिकला तर तिकडे जाऊ शकतो. पण महावितरण, महापारेषणच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरच्या जागा, रेल्वेतल्या इलेक्ट्रिकल विभागाच्या जागा, गेट या परीक्षेतून होणारी सार्वजनिक कंपन्यांची इलेक्ट्रिकलची भरती, या ठिकाणी पदवी त्याच शाखेची लागते. एआयची पदवी घेऊन तिकडे येता येत नाही. एका दारातून दोन्हीकडे जाता येतं, दुसऱ्यातून एकाच बाजूला. घरात कर्ज असताना याला मी फार किंमत देतो.

याची दुसरी बाजूही ऐकून ठेवा. इलेक्ट्रिकलमध्ये सुरुवातीचा पगार बऱ्याचदा सॉफ्टवेअरवाल्या मित्रापेक्षा कमी असतो. पाळी असते, शटडाऊनला (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा) रात्री जागाव्या लागतात, पहिली नोकरी तळोजा, पाताळगंगा किंवा थेट गुजरातेतही लागू शकते. मशिन्स आणि पॉवर सिस्टिम हे विषय कठीण आहेत आणि गणित पाठ सोडत नाही. दुसऱ्या वर्षात केटी लागलेली, म्हणजे विषय राहिलेली, मुलं मी खूप पाहिलीत. सीईटीच्या स्कोअरकार्डवर तिन्ही विषयांचे पर्सेंटाइल वेगवेगळे दिलेले असतात. एकूण ८९ असले तरी भौतिकशास्त्र आणि गणित किती आहे ते बघा. रसायनाने वर ओढलं असेल आणि भौतिकशास्त्र खाली असेल, तर इलेक्ट्रिकल घेण्याआधी मी दहादा विचार करीन.

बीएससी आयटीला मी कमी लेखत नाही. मुलगा कुणी न सांगता रात्री बसून काहीतरी बनवत असेल, ॲप, खेळ, मित्राच्या दुकानाचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम, काहीही, आणि घरची ओढाताण फार असेल, तर घराजवळ कमी फीत बीएससी करून पुढे दोन वर्षांचं एमसीए हा सरळ मार्ग आहे. कर्ज कमी, आणि पाचव्या वर्षी हातात पदव्युत्तर पदवी. पण त्याला कॉम्प्युटर 'आवडतो' म्हणजे तो रील्स आणि गेममध्ये रमतो एवढंच असेल, तर तो आवड असल्याचा पुरावा नाही. हे त्याला रागावून विचारू नका. गेल्या सहा महिन्यांत स्वतःहून काय करून पाहिलंस, एवढंच विचारा आणि तो दाखवील ते शांतपणे बघा.

प्रवासाचा विचार तुमच्या प्रश्नात नव्हता, म्हणून मुद्दाम लिहितो. कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने पनवेल, पुढे बस किंवा शेअर रिक्षा, असं जाऊन-येऊन दिवसाचे चार तास तरी जातील. मधल्या स्टेशनांवरचं कॉलेज असेल तर त्यातले निदान दोन तास वाचतात. चार वर्षांत ते किती होतात याचा हिशेब तुम्हीच करा. मुलं लॅबमध्ये संध्याकाळी थांबून जे शिकतात तेच पुढे मुलाखतीत बोलतं, आणि शेवटची बस गाठायची असलेला मुलगा थांबू शकत नाही.

पैशांबद्दल दोन-तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. कॉलेजच्या काउंटरवर सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघा. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार हलका होऊ शकतो. पण प्रवेश कॅप राऊंडमधूनच (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतूनच) झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण शुल्क माफीच्या) जागांसाठीही तीच उत्पन्नमर्यादा आहे, तो पर्याय फॉर्ममध्ये विसरू नका. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आजच काढायला घ्या. दरवर्षी दाखल्यापायी जागा गमावलेली मुलं मला भेटतात आणि फार वाईट वाटतं.

कॉलेजला स्वतः जाऊन या, मुलाला घेऊन, चालू दिवशी. ऑफिसात नाही, विभागात जा. इलेक्ट्रिकलच्या मशिन लॅबमध्ये मोटरींवर धूळ आहे का? पॅनेलवरच्या वायरी वापरून मळलेल्या आहेत की पाकिटातून काढल्यासारख्या नव्या? मळलेल्या बघितल्या की मला बरं वाटतं. एनबीएची, म्हणजे तांत्रिक अभ्यासक्रम तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का विचारा, आणि ती 'या शाखेला' आहे का हे विचारा, कारण एनबीए शाखेनुसार मिळते, नॅकचं मूल्यांकन मात्र संपूर्ण कॉलेजचं होतं. प्लेसमेंटच्या फलकावर सगळ्यात मोठं पॅकेज लिहिलेलं असतं. तुम्ही विचारा, या शाखेची गेल्या वर्षी किती मुलं होती, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली आणि पगाराच्या यादीत मधोमध असलेल्या मुलाला किती मिळाले. मग गेटबाहेर चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाची मुलं उभी असतील त्यांना विचारा, सर लेक्चरला येतात का? ती खरं सांगतात.

एवढं सगळं धरून माझा कल स्पष्ट सांगतो. भौतिकशास्त्र-गणित ठीक असेल, लॅब जिवंत दिसली आणि मुलाला त्या विषयाचा तिटकारा नसेल, तर जुन्या कॉलेजातलं इलेक्ट्रिकल. सोबत त्याने पहिल्या वर्षापासून पायथॉन शिकावं, आणि नव्या शैक्षणिक धोरणात मायनरची, म्हणजे दुसऱ्या शाखेचे काही विषय जोडून घेण्याची, सोय आहे तिथे डेटा किंवा एआयचा विषय मिळतो का पाहावं. एआयची ओढ असेल तर ती तिथेही पुरी होते. मुलगा खरोखर प्रोग्रॅमिंगवाला निघाला, तर माझं उत्तर बदलेल : मग बीएससी आयटी, किंवा पर्सेंटाइलमध्ये बसत असेल तर जुन्या कॉलेजातलं कॉम्प्युटर वा आयटी. नव्या कॉलेजातलं एआय मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

ऑप्शन फॉर्म भरताना क्रम मनातल्या पसंतीने लावा, 'हे मिळेल का' या भीतीने नाही. वर अवघड कॉलेज लिहिल्याने खालचं हातचं जात नाही. मात्र पहिल्या पसंतीचं मिळालं की ते आपोआप पक्कं होण्याचे नियम असतात, म्हणून यंदाची माहिती पुस्तिका वाचल्याशिवाय वरचे क्रमांक भरू नका.

मुलाचे भौतिकशास्त्र आणि गणिताचे पर्सेंटाइल, आणि लॅब बघून आल्यावर तो स्वतः काय म्हणाला, हे दोन्ही कळवा. फॉर्म पक्का करायच्या आधी एकदा यादीचा क्रम मी नजरेखालून घालतो.